हे फॅड आहे का? लोट्यातल्या एका ईएचएसवाल्याच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका रासायनिक कंपनीत ईएचएसमध्ये, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा विभागात, आहात आणि आता तुम्हाला ‘सस्टेनेबिलिटी ऑफिसर’ अशी नवी पोस्ट देऊ केली आहे. बातम्या येतायत की अमेरिकेत ईएसजी, म्हणजे कंपन्यांनी पर्यावरण, समाज आणि कारभाराचा हिशेब देण्याची पद्धत, गुंडाळली, युरोपनेही हात आखडता घेतला. घरचे म्हणतात, चार दिवसांचं खूळ आहे, त्यापेक्षा उत्पादनात नाहीतर क्वालिटीत जा. आणि गुहागरकडच्या गावी गेलात की लोक तुमच्याकडे खाडी नासवणाऱ्यांपैकी एक म्हणून बघतात. तेव्हा ही पर्यावरणाची चळवळ टिकणारी आहे का आणि तिच्या भरवशावर नोकरीतली पुढची वाट धरावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी माझं सांगून ठेवतो. मी कारखान्यांच्या सांडपाण्याचा आणि परवानग्यांचा सल्लागार. रोहा-धाटावपासून रत्नागिरीच्या मिरजोळ्यापर्यंत रसायनवाले, रंगवाले, मासळी प्रक्रियावाले असे नाना तऱ्हेचे कारखाने आतून पाहिलेत. माझं पोटच पर्यावरणावर आहे, त्यामुळे ‘टिकेल’ म्हणण्यात माझा स्वार्थ आहे. तेवढं धरून पुढचं वाचा.

घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हवामानबदलाच्या पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी युरोपियन युनियनने कंपन्यांच्या पर्यावरण-अहवालांचे नियम सैल करायला घेतले. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२१ मध्ये बीआरएसआर हा कंपन्यांच्या पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल आणला, २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. पण पुरवठादारांची माहिती देण्याचा जो भाग तुमच्यासारख्या मधल्या कंपन्यांपर्यंत पोचणार होता, तो पुढे ढकलला आणि ऐच्छिकही करून टाकला. अहवाल लिहून देणाऱ्या ज्या मुलांना दोन वर्षांपूर्वी मान वर करायला फुरसत नव्हती, त्यांच्यातले काही आज माझ्याकडे काम विचारतात.

पण मोहोर येतो तेवढा सगळा आंबा होत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. १९७२ ला स्टॉकहोमला परिषद झाली, इंदिरा गांधी तिथे जाऊन बोलल्या, गाजावाजा झाला. पुढे तो विरला. पण १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा राहिला आणि तुमच्या कंपनीचं कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, आजही त्याच्याखाली निघतं. १९८४ ला भोपाळ झालं, १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या आधारावर १९९१ ला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आले आणि किनाऱ्यावर घर बांधणाऱ्या प्रत्येकाला भरतीरेषा म्हणजे काय ते कळलं. आरडाओरडा दर वेळी शमला, आणि दर वेळी त्यातलं काहीतरी कोणाच्या तरी रोजच्या कामात जाऊन बसलं. तुमच्यापुढचा खरा प्रश्न मला असा दिसतो: तुमच्या कंपनीत देऊ केलेलं हे काम त्या उरणाऱ्या भागातलं आहे, की विरणाऱ्या?

हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. कुठलाही पर्यावरणाचा उपक्रम घ्या आणि विचारा, हा उद्या गुपचूप बंद केला तर पहिला फोन कोणाचा येईल? बँकेचा, गिऱ्हाइकाचा, प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या अधिकाऱ्याचा, सरपंचाचा, कोणाचाही चालेल. फोन येणारच नसेल तर तो उपक्रम मालकाच्या मर्जीवर चाललाय, आणि मालकाची मर्जी ताळेबंदाबरोबर बदलते.

तुमच्याच ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला, ही कसोटी लावून बघा. एअरेशन टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालायला हवा, नाहीतर टाकीतले जिवाणू गुदमरतात. वीस हॉर्सपॉवरचा ब्लोअर म्हणजे साधारण पंधरा किलोवॅट, दिवसाला ३६० युनिट. युनिट दहा रुपये धरलं तर महिन्याला लाखाच्या वर बिल, आणि एवढं करून विकायला त्यातून काहीच निघत नाही. रात्रपाळीत ब्लोअर बंद करायचा मोह कुठून येतो ते एवढ्यावरून कळतं. एका कारखान्यात मी लॉगबुक उघडलं, तर ब्लोअर महिनाभर अखंड चालू. रोजच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत. पॅनेलवरच्या तास-मीटरने मात्र निम्मेही तास भरले नव्हते. ऑपरेटरला काही विचारलं नाही. बटण बंद करायला सांगणारा माणूस वेगळा असतो. टाकीतलं पाणी लिटरच्या मोजपात्रात घेतलं आणि टेबलावर अर्धा तास ठेवलं. गाळ जिवंत असेल तर तपकिरी थर सावकाश खाली बसतो आणि वर निवळ पाणी दिसतं. इथे सगळं काळपट, गढूळ, वर कुजक्या अंड्यांचा वास. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र पाण्यातली घाण मोजणारे आकडे, सीओडी २५० च्या आत, बीओडी ३० च्या आत, सगळं नियमाबरहुकूम. रिसेप्शनमध्ये पर्यावरण धोरणाची फ्रेम होतीच.

तेव्हा तिथे फोन येत नव्हता. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा उद्योगप्रकारांना ऑनलाइन मोजणी यंत्रं लावायला सांगितली, आकडे थेट सर्व्हरवर जाऊ लागले आणि फोन यायला लागला. पळवाटा लगेच निघाल्या. सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेलाही मी पाहिलाय. तरीही रात्री ब्लोअर बंद करणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. चळवळ टिकली की नाही याचं माझ्या धंद्यातलं मोजमाप एवढंच बारीक आहे.

त्याहून घट्ट बसलेलं काम म्हणजे सॉल्व्हंटची, प्रक्रियेत वापरलेल्या द्रावकांची, वसुली. टोल्युइन, मिथेनॉल उडून जाऊ न देता पुन्हा ऊर्ध्वपातन करून वापरायचं, हे आपल्या पट्ट्यातले लोक ‘हरित’ हा शब्द ऐकण्याच्या आधीपासून करतायत, कारण ड्रम विकत घ्यावा लागतो. तिथे फोन खरेदी खात्याचाच येतो. त्याला कोणी पर्यावरण म्हणत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

आता खाडी सोडून जरा किनाऱ्यावर या. अमेरिकेने पाठ फिरवली की जगभर सगळं थांबतं, असं जे तुम्हाला वाटतंय, त्यावर माझ्याकडे एका कासवाची गोष्ट आहे.

अमेरिकेतल्या कोळंबी पकडणाऱ्यांवर १९८०च्या दशकाच्या अखेरीस टेड बसवण्याची सक्ती झाली. टेड म्हणजे ट्रॉलच्या जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते, कासव चौकटीला अडतं आणि तिथल्या फटीतून बाहेर पडतं. त्याबरोबर थोडी मासळीही निसटते, म्हणून तिथल्या मच्छीमारांनी आधी कडाडून विरोध केला. सक्ती काही टळत नाही म्हटल्यावर त्यांची मागणी फिरली: आम्हाला नियम, तर बाहेरून येणाऱ्या कोळंबीलाही नियम हवा. १९८९ मध्ये तसा कायदा झाला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालात अमेरिकेने कायदा भेदभाव करून राबवला असं ठरलं, पण कासव वाचवण्यासाठी आयातीवर अट घालणं मुळातच गैर, असं काही ठरलं नाही. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली, कायदा ठेवला. आणि १ मे २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, कारण आपले ट्रॉलर टेड वापरत नव्हते.

ही तारीख बघा. तेव्हा ट्रम्पच अध्यक्ष होते, आणि पॅरिस करार सोडण्याची घोषणा त्यांनी २०१७ मध्येच केली होती. एकीकडे करार सोडणाऱ्या त्याच सरकारने दुसरीकडे कासवासाठी आपली कोळंबी अडवली, कारण या कायद्याला हात लावला तर पहिला फोन त्यांच्याच लुइझियानाच्या मच्छीमारांचा येतो. निसर्गप्रेम त्यात किती, हे मला विचारू नका. तळ्यात वाढवलेली व्हनामी जातीची कोळंबी या बंदीत येत नाही, म्हणून आपली निर्यात थांबली नाही. पण दर्याच्या कोळंबीचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बोटीच्या एखाद्या तांडेलाला पॅरिस कराराबद्दल विचारा, तो हसेल. टेडबद्दल विचारा, चहा थंड होईपर्यंत बोलेल. बरंचसं शिव्यांत असेल, पण त्याला सगळं माहीत असतं.

ऑलिव्ह रिडले जातीचं तेच कासव मंडणगड तालुक्यात वेळासच्या वाळूत अंडी घालतं. पूर्वी ही अंडी लोक काढून न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरट्यांचं रक्षण सुरू केलं आणि नंतर कासव महोत्सव उभा राहिला. किनाऱ्यावर कुंपण घातलेली जागा, आत अंडी पुरलेले खड्डे, प्रत्येकावर पालथी टोपली. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलायची, पिल्लं वर आली असतील तर पाण्याच्या दिशेने सोडायची. पुण्या-मुंबईची माणसं ते बघायला येतात आणि गावातल्या घरांत राहतात, जेवतात. आता हॅचरी बंद पडली तर वनखात्याच्या आधी त्या घरांतल्या बायकांचा फोन येईल. माझ्या मते वेळास टिकलं ते एवढ्यासाठी. यात धोकाही आहे. पर्यटकांच्या सुट्ट्या आणि पिल्लांची वेळ काही जुळत नाही, आणि पाहुण्याला ‘आज नाही’ म्हणणं अवघड जातं. पण वीसेक वर्षांत अंडी काढणारे हात अंडी राखायला लागले, हा बदल कुठल्या अहवालाने झालेला नाही.

समुद्रातल्या बाजूलाही एक चांगली गोष्ट झाली. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकार जाळ्यात अडकलेलं कासव, देवमुशी शार्क किंवा असा कुठलाही संरक्षित प्राणी जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. रक्कम मोठी नाही, कागदपत्रंही करावी लागतात. पण ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला तो परत मिळावा, हे कोणीतरी मान्य केलं.

उलट उदाहरण हवंच असेल तर राज्याची प्लास्टिकबंदी घ्या. २३ जून २०१८ ला अंमल सुरू झाला. चिपळूणच्या बाजारात तेव्हा कापडी पिशव्या दिसल्या, दंडाच्या पावत्या फाटल्या, फोटो निघाले. आज मासळीबाजारात जाऊन बघा. पातळ पिशवी परत आलीय, कारण ती आली म्हणून कोणाचाच फोन येत नाही. मासे ओले असतात, आणि दुसरं स्वस्त काही कोणी हातात दिलेलं नाही.

गावच्या लोकांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर थोडं बोलायला हवं, कारण ‘समाजात चळवळ टिकेल का’ हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. कोकणात ‘नको’ म्हणण्याची ताकद जबरदस्त आहे. १९९३ मध्ये रत्नागिरीजवळचा स्टरलाइटचा तांब्याचा प्रकल्प आंबा बागायतदारांच्या आंदोलनामुळे थांबला आणि तुतिकोरिनला गेला. तिथे मे २०१८ मध्ये निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसं गेली आणि तो कारखाना बंद झाला. नाणारची रिफायनरी २०१९ मध्ये रद्द झाली, तिच्याच नव्या जागेसाठी बारसूला २०२३ मध्ये माती-परीक्षणावरून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. या माणसांना कोणी चळवळीचं शिक्षण दिलेलं नाही. आंबा आणि मासा गेला तर खायचं काय, एवढाच हिशेब, आणि तो दर पिढीला नव्याने कळतो. म्हणून ही बाजू मरेल असं मला वाटत नाही.

‘नको’ म्हणून झाल्यावर रोजचं जे काम उरतं, तिथे मात्र आपण कच्चे आहोत. प्रकल्पाविरुद्ध मुंबईला मोर्चा नेणाऱ्या गावातच पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, कचरा टाकलेला असतो, आणि चिऱ्याच्या खाणीला जमीन देताना कोणी ग्रामसभा बोलवत नाही. देवरहाटीचं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राईचं, बघा. पिढ्यान्‌पिढ्या त्या राईतली काटकीसुद्धा कोणी घरी नेली नाही. देवाचा कोप, गावकीचा दंड, दोन्ही होतं. आता देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पैसे हवेत म्हणून त्याच राईतली झाडं विकली जातात आणि सभामंडपाला टाइल्स बसतात. देवाची परवानगी कौल लावून घेतात म्हणे. पश्चिम घाटातलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवण्याचं तेच. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघतायत, जुलै २०२४ मध्येही आणखी एक मसुदाच निघाला. अंतिम करायला कोणाचा फोन येत नाही. न करण्यासाठी येणारे फोन भरपूर.

एवढ्यावरून तुमचं उत्तर आपोआप निघत नाही, कारण बरंच काही तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे. माल कोण घेतं हे सगळ्यात आधी. औषधांची इंटरमीडिएट्स, म्हणजे औषध बनवायच्या मधल्या टप्प्यातली रसायनं, युरोपातल्या मोठ्या कंपन्यांना जात असतील तर त्यांचे लोक पीएससीआयसारख्या, औषध कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या सामायिक पद्धतीने येऊन तपासणी करतात. सेबीने काही ऐच्छिक केलं म्हणून ती तपासणी थांबत नाही. माल सगळा भिवंडीच्या व्यापाऱ्याला जात असेल तर ‘सस्टेनेबिलिटी’ विचारणारा तिथे कोणी नाही, आणि पोस्ट बहुधा मालकाच्या शिकून आलेल्या मुलाच्या हौसेची आहे. युरोपच्या कार्बन कराची भीती घालून कोणी पोस्ट विकत असेल तर सांभाळा. १ जानेवारी २०२६ पासून तो पूर्णपणे लागू झाला, पण पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत, हायड्रोजन आणि वीज एवढ्यांनाच. बहुतेक रसायनं आज त्यात नाहीत.

दुसरं, तुम्ही कोणाच्या हाताखाली असणार? प्लँट हेडच्या हाताखाली असाल आणि पाण्याचं बिल, विजेचं बिल, सॉल्व्हंटचा खप हे तुमच्या टेबलावरून जाणार असेल, तर हे काम उद्या नाव बदलून ‘रिसोर्स’ किंवा आणखी काही झालं तरी राहील. एचआर किंवा मार्केटिंगच्या हाताखाली असाल तर ५ जूनचं वृक्षारोपण, शाळेतली चित्रकला स्पर्धा आणि वार्षिक अहवालातली चार पानं एवढंच वाट्याला येईल. त्यात आता एक जोखीमही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पुराव्याशिवाय केलेल्या हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘पर्यावरणपूरक’ असं छापायचं तर आधार दाखवावा लागतो, आणि आधाराच्या कागदावर सही तुमची मागतील.

उत्पादनात जायच्या सल्ल्याबद्दल: तो वाईट नाही. मी पाहिलेली पर्यावरणातली सगळ्यात कामाची माणसं आधी प्लँटमध्ये पाळ्या करून आलेली होती. रिॲक्टरमध्ये किती घातलं, किती बाहेर आलं, उरलेलं गेलं कुठे, हा मेळ ज्याला घालता येतो त्याला स्लाइड करणाऱ्यापेक्षा जास्त मान मिळतो. तुमचा प्लँटचा अनुभव कमी असेल, वय तिशीच्या आत असेल आणि घराचा हप्ता मानगुटीवर नसेल, तर वर्ष-दोन वर्षं तिकडे काढून परत या. पोस्ट तोवर थांबणार नाही, हे खरं. पण ती जर टिकणारी असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत निघेलच.

होकार देण्याआधी एक करा. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत बोर्डाला फॉर्म ५, म्हणजे वर्षाचं पर्यावरण-विवरणपत्र, जातो, तो तुम्ही पाहिला असेलच. मागच्या काही वर्षांच्या प्रती काढा आणि एक किलो मालामागे किती पाणी लागलं हा एकच आकडा शेजारीशेजारी लिहा. तो हळूहळू उतरत असेल तर कोणीतरी खरंच काम करत आलंय. ती पोस्ट घ्या आणि त्या माणसाला शोधून त्याच्याशी बोला. दरवर्षी तोच आकडा, दशांशासकट तोच, असेल तर फॉर्म कॉपी होतोय. तसं दिसलं तर प्लँट हेडला थेट विचारा की हा आकडा खरा करायला मला मीटर आणि एक माणूस मिळेल का. काय म्हणाले ते इथेच लिहा, मग पगाराचं काय मागायचं ते बोलू. ईएचएसचं जुनं काम अंगावर ठेवून नुसतं पदनाम देत असतील, तर ते आधीच मिटवून घ्या.